लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर टेबलच नाही!

न्हावा शेवाच्या बंदरावरचा डेटा घेऊन काम करायचं म्हणता? मग आधी मायएसक्यूएलची एक खोड समजून घ्या. समजा, विंडोज लॅपटॉपवर तुम्ही 'Berth' नावाचं टेबल बनवलंत. सर्व्हर ते गुपचूप 'berth' म्हणून साठवतो आणि तुमच्या क्वेरीतलं 'Berth'ही चालवून घेतो. तोच डेटाबेस विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर नेलात की एरर 1146: असं टेबलच नाही.

हे ठरवणारी सेटिंग म्हणजे lower_case_table_names. लिनक्सवर तिची मूळ किंमत 0, विंडोजवर 1, मॅकवर 2. म्हणजे डेटाबेसने घ्यायचा निर्णय फाइलसिस्टिमवर सोडून दिलाय. टेबल म्हणजे डिस्कवरची फाइल, या जुन्या रचनेचा हा वारसा. पण आवृत्ती 8.0 मध्ये टेबलांची माहिती स्वतंत्र डेटा डिक्शनरीत गेली, तरी खोड तशीच. उलट आता ही किंमत सर्व्हर पहिल्यांदा इनिशियलाइज करतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही. उबुंटूवर पॅकेज टाकलं की ते काम आपोआप उरकलेलं असतं! माझ्या मते हे चुकीचंच आहे. पोस्टग्रेस बघा: अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव तो सगळीकडे लहान लिपीत नेतो, विषय संपला. मायएसक्यूएलचं मॅन्युअलही नावं कायम लहान अक्षरांत ठेवा असंच सुचवतं. तेवढं तरी कराच.

एरर आली तर बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. खरा धोका डेटात आहे. कंटेनर क्रमांकात चार कॅपिटल अक्षरं, सहा अंकी क्रमांक आणि एक तपासणी अंक असतो. आत येतानाची नोंद 'MSCU' आणि बाहेर जातानाची कोणीतरी 'mscu' अशी टाइप केली, तर मायएसक्यूएलचं नेहमीचं कोलेशन दोन्ही जुळवतं. पोस्टग्रेस जुळवत नाही. तो कंटेनर जॉइनमधून गळतो, बंदरातल्या मुक्कामाची सरासरी बदलते आणि एररचं नावही नाही. टेबलाच्या नावाला एवढा कडकपणा आणि डेटाला एवढी ढिलाई, हे गणित मला पटत नाही.

नुसतं बायनरी कोलेशन लावून भागत नाही. त्याने 'mscu' वेगळा कंटेनर ठरतो. डेटा आत घेतानाच UPPER लावा, मग बायनरी ठेवा. आणि प्रबंधात पद्धती लिहिताना डेटाबेसच्या आवृत्तीशेजारी कोलेशनही नोंदवा. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही म्हणून आपल्याला हे सुचतच नाही, पण परीक्षक विचारू शकतो.