७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स

सेसिल हेपवर्थचं ‘केम द डॉन’ हे १९५१ सालचं आत्मकथन वाचायला घेणार असाल, तर आधीच सांगतो: पुस्तक गोड आहे, आणि अडचण तिथेच आहे.

हेपवर्थ ब्रिटिश सिनेमाच्या पहिल्या पिढीतला. वडील मॅजिक लँटर्न घेऊन व्याख्यानं द्यायचे. मुलाने १८९७मध्येच हलत्या चित्रांच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं आणि पुढे लंडनजवळ वॉल्टन-ऑन-टेम्सला स्टुडिओ थाटला. १९०५चा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ तिथलाच. बाळ पळवलं जातं, घरचा कुत्रा ते शोधून काढतो, बस्स. कथा बायकोची, बाळ स्वतःचं, कुत्राही घरचाच, आणि बापाच्या भूमिकेत खुद्द हेपवर्थ. खर्च ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. प्रिंट्सना मागणी इतकी की निगेटिव्ह झिजली आणि अख्खा सिनेमा आणखी दोनदा चित्रित करावा लागला.

त्यातली दाई म्हणजे मे क्लार्क. दोन वर्षांपूर्वी हेपवर्थच्याच सिनेमात ती ‘अ‍ॅलिस’ झाली होती. कॅमेऱ्यासमोर नसताना ती स्टुडिओत पडेल ते काम करायची. हेपवर्थच्या आठवणींत हे सगळं मजेचं, एका कुटुंबासारखं दिसतं. असेलही तसं. पण ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे’ हे मी एका लॅबमध्ये रुजू होताना ऐकलंय, आणि मग रविवारीही तिथेच बसलोय. त्यामुळे मालक ‘कुटुंब’ म्हणू लागला की मी पेन्सिल हातात घेतो. तुम्हीही घ्या.

पुस्तकाचा खरा कस लागतो तो पडझडीच्या भागात. १९२४मध्ये कंपनी बुडाली. निगेटिव्ह भंगाराच्या भावाने गेल्या आणि वितळवल्या गेल्या. ज्याच्या नावावर स्टुडिओ होता, तो पुढे पोटासाठी ट्रेलर आणि जाहिराती करत राहिला. हे सांगताना हेपवर्थ रडगाणं गात नाही, आणि इथे मला हा माणूस फार आवडतो. पण परिणाम बघा ना: बरेचसे सिनेमे गेले, मालकाची आठवण उरली. त्या स्टुडिओत कोण काय करत होतं, हे आता पुष्कळदा त्याच्याच शब्दावर मानावं लागतं.

आपला धागाही याच वॉल्टनमधून जातो. १९१२मध्ये दादासाहेब फाळके लंडनला आले, तेव्हा त्यांनी हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला आणि काम समजून घेतलं. त्यांच्या आठवणी १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ मासिकात आल्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. फाळक्यांकडेही घर हाच कारखाना होता. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायच्या, ती धुवायच्या आणि सगळ्यांचा स्वयंपाकही करायच्या. पगारपत्रक कुणाच्या नावाचं, असा प्रश्न तिथेही विचाराच.

मालकाच्या पुस्तकावर उतारा हवा असेल, तर बेक्टू हिस्टरी प्रोजेक्टच्या मुलाखती ऐका. १९८०च्या दशकात सिनेमा-टेलिव्हिजनच्या कामगार संघटनेतल्याच लोकांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलतं करायला घेतलं. संकलक, कॅमेरामन, लॅबमधली माणसं. विचारणाऱ्यालाही धंदा ठाऊक, म्हणून ‘पगार किती होता’ हे विचारताना कुणी लाजत नाही. बोलणं भरकटतं, तारखा चुकतात, तरी मला ते ‘केम द डॉन’पेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. फक्त ‘रोव्हर’च्या वेळी ज्यांनी वॉल्टनला काम केलं, त्यांच्यासाठी तो टेपरेकॉर्डर फार उशिरा सुरू झाला.