स्नायूंचा तक्ता आणि एक घास

स्नायूऊतींचे प्रकार शिकवताना बहुधा तीन रकान्यांचा तक्ता काढला जातो: पट्टकी म्हणजे ऐच्छिक, अपट्टकी म्हणजे अनैच्छिक आणि तिसरे हृदयाचे स्नायू. पाठांतराला तो सोयीचा आहे. आमचा आक्षेप असा, की रचना आणि नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकाच दावणीला बांधल्या आहेत.

घास गिळण्याचेच पाहा. अन्ननलिकेच्या वरच्या भागात पट्टकी स्नायू असतात, खालच्या भागात अपट्टकी, मधे सरमिसळ. तक्ता खरा मानला, तर वरच्या भागात तरी घास थांबवता यायला हवा. पण एकदा तो घशाखाली उतरला की आपले काही चालत नाही. श्वासपटलही पट्टकीच. जागेपणी आपण श्वास रोखू शकतो. झोपेत ते आपोआप चालते. आणि उचकी कोणाला विचारून लागते? हृदयालाही पट्टे आहेत, पण ते आपले ऐकत नाही.

मुळात पट्टे का दिसतात, हे तक्ता सांगतच नाही. ॲक्टिन व मायोसिनचे तंतू नियमित ओळींत रचलेले असतात, म्हणून. आकुंचनात हे तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, असे १९५४ मध्ये ॲन्ड्र्यू हक्सली व निडरगर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडले. अपट्टकी स्नायूंतही हीच प्रथिने आहेत. ओळी मात्र नाहीत.

शिक्षकांनी फळ्यावर तोंडापासून जठरापर्यंतची वाट काढावी आणि प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: इथे पट्टे आहेत का? इथे इच्छा चालते का?