'समर्पित' निधी : कोणी, कोणाला?

अर्थसंकल्प म्हणजे आकड्यांची वही, त्यात वाङ्मय कसले, असे म्हणून आपले समीक्षक तिच्याकडे फिरकत नाहीत. परंतु ज्या भाषेत दलितांचे जगणे मंजूर होते आणि रद्दही होते, ती भाषा तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

ही भाषा नीट वाचा. मंत्री मागणी मांडतो, आमदार कपात सूचना देतात, सभागृह मत देते. संविधानाच्या कलम 203 व 204 मधील ही रीत आहे. मंजुरीच्या वाक्याला कर्ता आहे. मार्चअखेर मात्र तोच पैसा 'समर्पित' होतो, 'व्यपगत' होतो. या वाक्यांतून कर्ता नाहीसा होतो. समर्पण हा भक्तीचा शब्द. वस्तीच्या रस्त्याचा, वसतिगृहाचा पैसा कोणी आणि कोणाच्या चरणी वाहिला? 'व्यपगत' म्हणजे तर जणू त्याचे आयुष्यच सरले होते; कोणी मारले नाही!

मोर्शीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे. त्याला तेरा दारे. पाणी सोडायचे झाले की कोणते दार किती उघडले याची नोंद होते, नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. पाण्याला जो हिशेब आहे तो दलितांच्या पैशाला का नसावा?

अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना 1979-80 च्या सुमारास आली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, हे तिचे तत्त्व. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण 11.8 टक्के आहे. हा पैसा अन्यत्र वळवू नये व व्यपगत होऊ देऊ नये, असे नियोजन आयोगाने बजावले होते. तरीही मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी रुपये 'लाडकी बहीण' योजनेसाठी महिला व बालविकास विभागाकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थींत दलित स्त्रियाही आहेत, हा युक्तिवाद खोटा नाही. पण सर्वांसाठीच्या योजनेत त्यांचा वाटा सर्वांच्या तिजोरीतूनच आला पाहिजे. घटक योजना त्यावरची आहे, त्याऐवजीची नव्हे.

विधिमंडळाची देखरेख आहे, असे सांगितले जाते. महालेखापालांचा अहवाल येतो, लोकलेखा समिती तो तपासते, अनुसूचित जाती कल्याण समिती दौरे करते. लेखापरीक्षकाचे पद संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे, असे बाबासाहेबांनी 1949 साली संविधान सभेत म्हटले होते. पण ही सारी तपासणी वर्ष सरल्यानंतरची, म्हणजे शवविच्छेदन. तोवर पोराचे शिक्षण सुटलेले असते.

अमेरिकेत 1974 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला मंजूर पैसा रद्द करायचा झाल्यास प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवावा लागतो. 45 दिवसांत संमती मिळाली नाही, तर पैसा खर्चासाठी मोकळा करावा लागतो. त्या कायद्यालाही पळवाटा काढल्या गेल्या. पण रद्द करणाऱ्याला तेथे निदान नाव आहे. आपल्या शेजारी तेलंगणाने 2017 च्या कायद्यात अखर्चित रक्कम पुढील वर्षी देण्याची तरतूद केली. कर्नाटकाने 2013 च्या कायद्यात पैसा वळवण्यास वाव देणारे 7 (ड) हे कलम ठेवले, आणि ते 2023 मध्ये काढून टाकावे लागले. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही. त्यातले प्रत्येक वाक्य वाचावे लागते.

म्हणून मागणी साधी आहे. जो निधी समर्पित करायचा, त्याची यादी कारणांसह व अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह मार्चपूर्वी सभागृहापुढे यावी आणि तिच्यावर मतदान व्हावे. देताना हात वर करावा लागतो. काढून घेतानाही तो करावा लागला पाहिजे.

दोष आपलाही आहे. तरतूद जाहीर झाली की आपण सत्कार करतो. फेब्रुवारीत खर्च विचारायला कोणी जात नाही. राखीव जागेवरचा आमदार गप्प बसतो, कारण त्याला विचारणारे आपण गप्प असतो. पुढच्या फेब्रुवारीत मोर्शीतल्या एका विद्यार्थ्याने, एका शिक्षकाने एवढेच विचारावे : आमचा पैसा समर्पित करणारा तो कर्ता कोण?