मंत्रिपदाचे वतन होऊ न देणारा वकील

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत ‘बाबासाहेब’ म्हटले की कोटातले बॅरिस्टर आणि हातातले पुस्तक डोळ्यांपुढे येते. आपले कवी, शाहीर आणि चरित्रकारही बहुधा याच चित्रापाशी थांबतात. १९४७ साली ते देशाचे कायदामंत्री झाले, याचा गौरव होतो; ते पद त्यांनी का सोडले, हे दोन ओळींत आटोपले जाते. ही आपल्या लेखनातली मोठी उणीव आहे.

ऑक्टोबर १९५१ मधील त्यांचे राजीनाम्याचे निवेदन वाङ्मय म्हणून वाचले पाहिजे. संसदेत प्रत आधी मागितली गेली, तेव्हा सभात्याग करून त्यांनी ते वृत्तपत्रांना दिले. त्याची मांडणी वकिलाची आहे. अस्पृश्यांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण आणि शेवटी मुलीला वारसा व स्त्रीला घटस्फोट देऊ पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाची गळचेपी असा एकेक मुद्दा येतो. आक्रोश नाही, म्हणूनच नकार धारदार होतो.

हा नकार समजण्यासाठी महारवतन आठवावे. वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ताबेदारी. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले. गावातल्या वतनाविरुद्ध उभा राहिलेला माणूस दिल्लीत वतनदार होणे शक्य नव्हते.

आज आपल्या वस्त्यांतून वकील, अधिकारी, सभापती होत आहेत. खुर्ची कशी मिळवावी हे सांगणारे त्यांना पुष्कळ भेटतील. ती केव्हा सोडावी हे सांगणारे साहित्य आपण लिहिले आहे काय?