डेट्रॉइट शहराच्या ऱ्हासाचा काळ : एका ग्रंथाचें परीक्षण

अमेरिकेंतील एका मोटारगाड्यांच्या शहरावरील ग्रंथाचें परीक्षण या त्रैमासिकांत कां यावें, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, प्रस्तुत ग्रंथांतील मुख्य वाद कालनिर्णयाचा असून तो समकालीन कागदांच्या आधारें सोडविण्याचा यत्न केलेला आहे. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर व समकालीन पत्र यांत विरोध पडल्यास पत्राचें प्रामाण्य अधिक, ही दृष्टि आपल्या संशोधकांत रुजली. तीच दृष्टि परक्या देशांतील, व तीही जवळजवळ आपल्याच काळांतील, विषयास लाविली असतां काय निष्पन्न होतें, हें पाहण्यास हा ग्रंथ फार उपयोगी आहे.

ग्रंथाचें नांव ‘द ओरिजिन्स ऑफ द अर्बन क्रायसिस’ असें असून त्याचे कर्ते डॉ. थॉमस सग्रू हे होत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें तो १९९६ सालीं प्रसिद्ध केला व १९९८ सालीं त्यास बॅन्क्रॉफ्ट पारितोषिक मिळालें. ग्रंथ आतां नवा राहिला नाहीं. तथापि त्यांतील सिद्धान्त विद्वानांत मान्य होऊनही लोकांच्या बोलण्यांत जुनीच कथा चालूं आहे. म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटलें.

डेट्रॉइटविषयींची लोकप्रसिद्ध बखर थोडक्यांत अशी आहे. १९५० च्या खानेसुमारींत या शहराची वस्ती १८,४९,५६८ होती व मोटारगाड्यांच्या धंद्यावर तें संपन्न होतें. पुढें १९६७ सालीं जुलैच्या २३ तारखेस तेथें मोठा दंगा झाला. तो पांच दिवस चालला व त्यांत ४३ माणसें मेलीं. दंग्याच्या भीतीनें गोरे लोक शहर सोडून गेले व त्यांच्या मागून धंदे गेले. १९७३ च्या निवडणुकींत कोलमन यंग हे पहिले कृष्णवर्णीय नगराध्यक्ष निवडून आले, त्यांच्या वीस वर्षांच्या कारभारांत उरलें-सुरलें गेलें. त्यांतच जपानी गाड्यांनीं बाजार घेतला. अखेर १८ जुलै २०१३ रोजीं शहरानें न्यायालयांत दिवाळें काढलें, आणि २०२० च्या खानेसुमारींत वस्ती ६,३९,१११ इतकीच उरली. या बखरींतील दंगा, निवडणूक, दिवाळें या घटना खऱ्या आहेत. त्यांची जी जुळणी केली आहे ती मात्र कागदांस उतरत नाहीं.

डॉ. सग्रू यांचें म्हणणें असें कीं, ऱ्हासाचा आरंभ दंग्याच्या मागें वीस वर्षें, म्हणजे शहर भरभराटींत आहे असें सर्वांस दिसत होतें त्याच काळांत, शोधला पाहिजे. १९४७ पासून १९६३ पर्यंतच्या सोळा वर्षांत डेट्रॉइट शहरांतील कारखान्यांतून १,३४,००० कामें नाहींशीं झालीं. उलट कामास योग्य अशा वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या वाढली. याच सुमारास, १९४७ ते १९५८ या काळांत, तिन्ही मोठ्या मोटारकंपन्यांनीं त्या भागांत २५ नवे कारखाने उभारले. पण ते सर्वच्या सर्व शहराच्या हद्दीबाहेर, उपनगरांत. हडसन ही जुनी कंपनी १९५४ सालीं नॅशमध्यें विलीन झाली व तिचें काम विस्कॉन्सिन संस्थानांतील केनोशा येथें गेलें. पॅकार्डचा प्रसिद्ध कारखाना १९५६ सालीं बंद पडला. जपानी गाड्यांचें नांवही अमेरिकेच्या बाजारांत कोणी घेत नव्हतें तेव्हांच्या या गोष्टी आहेत.

कार्याच्या पूर्वीं नियमानें असणें हा कारणाचा पहिला धर्म, असें नैयायिक मानतात. १९६७ चा दंगा हा १९४७ ते १९६३ मधील घटीच्या मागून आला. अर्थात् तो तिचें कारण होऊं शकत नाहीं. पुढील ऱ्हासास त्यानें वेग दिला, एवढें फार तर म्हणतां येईल. व्यतिरेकाचें उदाहरणही दूर नाहीं. न्यू हॅम्पशायर संस्थानांतील मँचेस्टर शहर अ‍ॅमॉस्केग नांवाच्या प्रचंड कापडगिरण्यांवर जगत होतें. त्या कंपनीनें १९३५ च्या डिसेंबरांत दिवाळ्याचा अर्ज केला व पुढील वर्षीं तिची मालमत्ता विकण्यास निघाली. तेथें वर्णाचा दंगा नव्हता, कृष्णवर्णीय नगराध्यक्ष नव्हता, जपानी गाडीही नव्हती. दक्षिणेकडील संस्थानांत स्वस्त मजुरी व नव्या गिरण्या होत्या, आणि धंदा तिकडे चालला होता. म्हणजे ज्यांस आपण कारणें म्हणतों त्यांच्या अभावींही कार्य घडलेलें आहे.

हा वाद केवळ सनावळीचा आहे असें कोणी समजूं नये. ऱ्हास दंग्यानंतर धरला, तर ज्यांचीं कामें सर्वांच्या आधीं गेलीं त्यांच्याच माथीं शहर बुडविल्याचा दोष येतो. ऱ्हास दंग्यापूर्वीं धरला, तर दंगा हा त्याचा एक परिणाम ठरतो, आणि दोषाचा शोध कंपन्यांच्या व सरकारी खात्यांच्या दप्तरांकडे वळतो. एका तारखेवर एवढ्या लोकांचा न्याय अवलंबून आहे.

ग्रंथाचा विशेष आमच्या मतें असा कीं, त्यांत काम व घर या दोन गोष्टींचा संबंध बळकट रीतीनें जोडून दाखविला आहे. कारखाना पंधरा-वीस मैल दूर गेला तर मजुरानेंही बिऱ्हाड हलवावें, असें सहज म्हणतां येतें. परंतु कृष्णवर्णीय मजुरास तसें करण्याची मोकळीक नव्हती. घरांच्या खरेदीखतांतच वर्णानुसार विक्रीस बंदी करणारीं कलमें असत. तीं न्यायालयांनीं अंमलांत आणूं नयेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला, तरी दलाल व वस्तीमंडळें यांनीं तोच हेतु दुसऱ्या मार्गांनीं साधला. १९३० नंतरच्या दशकांत सरकारी गृहकर्जसंस्थेनें केलेल्या नकाशांत त्यांच्या वस्त्यांस लाल रंग, म्हणजे कर्जास अपात्र, असा शेरा होता. १९४१ सालीं तर शहराच्या उत्तर भागांत एका बिल्डरानें आपल्या नव्या वसाहतीस सरकारी हमीचें कर्ज मिळावें म्हणून शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेस सुमारें अर्धा मैल लांबीची भिंत बांधली. ती भिंत अद्याप उभी आहे. मजूर मागविणारे मालक आपल्या मागणीपत्रांत वर्णाची अट लिहीत. मिशिगन संस्थानांत त्याविरुद्ध कायदा झाला तो १९५५ सालीं, जेव्हां देण्यासारखीं कामेंच कमी होत चाललीं होतीं. अशा रीतीनें जी हानि गोऱ्या मजुरास स्थलांतराच्या त्रासाएवढी होती, ती दुसऱ्यास सर्वस्वाची झाली.

आतां साधनांविषयीं. या ग्रंथाच्या टीपा हा आमच्या वाचकांनीं मुद्दाम पाहण्याचा भाग आहे. वेन विद्यापीठांतील वॉल्टर रूथर ग्रंथालयांत असलेलीं मजूरसंघांचीं दप्तरें, डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील बर्टन संग्रह, अ‍ॅन आर्बर येथील बेंटली ग्रंथालय, नगराध्यक्षांकडे आलेलीं नागरिकांचीं पत्रें, वस्तीमंडळांचीं चोपडीवजा पत्रकें, नगराच्या जातिसलोखा-मंडळाचे अहवाल, हीं सर्व त्यांनीं चाळलीं आहेत. कोणा गृहस्थानें घराशेजारीं कोण राहावयास येणार या चिंतेनें नगराध्यक्षांस लिहिलेलें चार ओळींचें पत्र आज इतिहासाचें साधन ठरलें आहे. लिहिणाऱ्यास त्याची कल्पनाही नव्हती. आपल्याकडील सनदा व महजर यांचेंही असेंच आहे.

इतकें गुणवर्णन केल्यावर दोषांकडे वळणें परीक्षकाचें कर्तव्य आहे. पहिली गोष्ट १,३४,००० या आंकड्याची. हा आंकडा दोन गणतींची वजाबाकी आहे. १९४७ व १९६३ हीं वर्षें सरकारी कारखाने-गणतीचीं आहेत. त्या वर्षीं विशेष कांहीं घडलें म्हणून तीं निवडलेलीं नाहींत. मधल्या काळांत १९४९, १९५३-५४, १९५७-५८ व १९६०-६१ अशा चार मंद्या येऊन गेल्या, व त्या प्रत्येकींत किती कामें गेलीं आणि किती परत आलीं, हें त्या एका आंकड्यावरून समजत नाहीं. शिवाय तो शहराच्या हद्दीचा आंकडा आहे. फोर्डचा रूज येथील अवाढव्य कारखाना हद्दीबाहेर डिअरबॉर्न गांवीं असल्यामुळें त्यांतील घट या आंकड्यांत येत नाहीं. १९४५ सालीं ८५,००० मजूर असलेल्या या कारखान्यांत १९६० पर्यंत ३०,००० उरले होते. उलट जें काम हद्दीबाहेरील उपनगरांत गेलें, तें शहरास बुडालें तरी प्रांतास बुडालें नाहीं. ग्रंथकारास हा भेद ठाऊक आहे. परंतु त्यांचा आंकडा उचलून नेणारे बहुतेक लेखक तो विसरतात. हस्तलिखितांतील तिथीवरून शक काढतांना आपण जी सावधगिरी बाळगतों तीच येथेंही हवी.

दुसरी गोष्ट साधनांच्या समतोलाची. मजूरसंघ, नगरपालिका व वस्तीमंडळें यांचे कागद या ग्रंथांत विपुल आहेत. कंपन्यांच्या संचालकांनीं कारखाना कां हलविला याचे त्यांच्याच हातचे कागद त्या मानानें थोडे. ‘रूज’मधील मजूरसंघाच्या ६०० क्रमांकाच्या शाखेनें १९५१ सालीं, कंपनी काम बाहेर नेऊन करार मोडते, असा दावा फोर्डवर लाविला, व तो पुढें न्यायालयानें काढून टाकला. हें प्रकरण ग्रंथकारानें योग्य तें महत्त्व देऊन सांगितलें आहे. पण वादीचें म्हणणें सविस्तर व प्रतिवादीचा हेतु अनुमानानें, अशी स्थिति जेथें आहे तेथें स्वयंचलित यंत्रें, जुन्या बहुमजली इमारतींची गैरसोय, करांचा बोजा व संघटित मजुरांचा धाक यांपैकीं कशाचें बळ किती, याचा निकाल पुरता लागत नाहीं. या बाबतींत जेफरसन काउई यांच्या ‘कॅपिटल मूव्ह्ज’ (१९९९) या ग्रंथाची जोड घ्यावी. त्यांत आर. सी. ए. या एकाच रेडिओ-कंपनीचा माग कॅम्डन, ब्लूमिंग्टन, मेम्फिस व मेक्सिकोंतील हुआरेझ अशा चार गांवांतून काढला आहे. सग्रू एका शहरांत उभे राहून जाणारे कारखाने पाहतात, तर काउई कारखान्याबरोबर प्रवास करतात. दोन्ही मिळून चित्र पुरें होतें.

तिसरी गोष्ट ग्रंथकाराचा दोष नसून वाचकांचा आहे. डेट्रॉइटचा सिद्धान्त सरसकट सर्व औद्योगिक शहरांस लावण्याची चाल पडली आहे. ओहायो संस्थानांतील यंग्सटाउन येथें पोलादाची कँबेल भट्टी बंद करण्याचें १९ सप्टेंबर १९७७ रोजीं जाहीर झालें. तेथें जुनाट यंत्रसामग्री, परदेशीं पोलाद व कारखाना विकत घेतलेल्या परगांवच्या कंपनीचें धोरण हीं कारणें पुढें येतात. तसेंच, डेट्रॉइटमधील कामें घटत होतीं तेव्हां सर्व देशांतील कारखान्यांतील कामें वाढत होतीं. तीं १९७९ सालीं सुमारें १ कोटी ९५ लाख या शिखरास पोंचलीं; २००० सालीं तीं १ कोटी ७० लाखांवर होतीं, आणि २०१० च्या आरंभीं १ कोटी १५ लाखांच्या आसपास आलीं. या शेवटच्या घसरणींत चीनचा २००१ सालीं जागतिक व्यापार-संघटनेंत झालेला प्रवेश, नवीं यंत्रें व २००८ ची मंदी यांचा विचार करावा लागतो. १९६७ पाशीं थांबणाऱ्या ग्रंथास त्याचा साक्षीदार करणें योग्य नव्हे. शहराचा ऱ्हास व देशांतील धंद्याचा ऱ्हास हीं दोन निरनिराळीं प्रकरणें आहेत. पहिलें दुसऱ्याच्या तीस वर्षें आधीं सुरू झालें.

या प्रसंगीं भग्नावशेषांच्या चित्रसंग्रहांविषयीं एक शब्द लिहिणें भाग आहे. गेल्या कांहीं वर्षांत डेट्रॉइटच्या पडक्या इमारतींचीं मोठमोठीं छायाचित्रपुस्तकें निघालीं व तीं फार खपलीं. पण एकाच पुस्तकांत १९५६ सालीं थांबलेला पॅकार्डचा कारखाना व १९८८ सालीं शेवटची गाडी सुटलेलें मिशिगन सेंट्रल स्टेशन शेजारीं-शेजारीं छापलीं, कीं पाहणाऱ्यास दोन्ही एकाच आपत्तीनें पडलीं असें वाटतें. आतां तर पॅकार्डच्या इमारती २०२२ पासून पाडण्यांत आल्या, व तें स्टेशन फोर्ड कंपनीनें २०१८ सालीं विकत घेऊन दुरुस्त केलें आणि २०२४ सालीं उघडलें. वास्तु साक्ष देते. पण कागदावांचून ती आपली तारीख सांगत नाहीं.

आमच्या वाचकांस यांतून घेण्यासारखा बोध उघड आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला, व त्यानंतर गिरण्या कां व केव्हां बंद पडल्या याविषयीं आपल्याकडेही एक बखर तयार झालेली आहे. ती खरी कीं खोटी, हें ठरविण्यास हजेरीचीं मस्टरें, पगारपत्रकें, बदली कामगारांचीं कार्डें, मजूरसंघांचीं पत्रकें व चाळींतून पडलेली घरगुती पत्रें लागतील. पेशवाईंतील एखाद्या चिटोऱ्यासाठीं कोस कोस हिंडणारे संग्राहक हा कागद रद्दींत जातांना पाहतात व थांबत नाहींत, कारण तो अद्याप जुना झालेला नाहीं. रूथर ग्रंथालयानें तो जुना होण्याची वाट पाहिली नाहीं, म्हणूनच डॉ. सग्रू यांस एका शहरावरील आरोपाची फेरतपासणी करतां आली. ग्रंथ विकत घेऊन, टीपांसकट, वाचावा अशी आमची शिफारस आहे.