पुराव्याचे वजन आणि पुराव्याचे कूळ

एका पायविहिरीचे बांधकाम-वर्ष पंधरा वर्षांपूर्वी मी वहीत ‘नक्की’ असा शेरा मारून नोंदवले होते. तीन वेगवेगळ्या लेखकांची पुस्तके तेच वर्ष देत होती. आणखी काय हवे? पुढे लक्षात आले की, सर्वांत जुन्या पुस्तकात बांधणाऱ्याच्या आडनावात छपाईची जी चूक आहे, ती पुढच्या दोन्ही पुस्तकांत जशीच्या तशी उतरली आहे. म्हणजे माझ्याकडे तीन पुरावे नव्हतेच. एकच होता, तीनदा छापलेला.

ही चूक मी एकट्यानेच केली नव्हती. संगणकाला पुरावा तोलायला शिकवणाऱ्या अत्यंत हुशार माणसांनी ती सूत्रात बसवली होती.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली रचली. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांत जंतू कोणता व औषध कोणते, हे ती सुचवी. तज्ज्ञांचे ज्ञान ‘असे असेल तर तसे’ अशा काहीशे नियमांत मांडलेले होते. उदाहरणार्थ, जंतू ग्रॅम-निगेटिव्ह, दांड्यासारखा आणि प्राणवायूविना वाढणारा असेल, तर तो बॅक्टेरॉइड्स असण्याला ०.६ इतका आधार. या आकड्याला ‘खात्री-गुणक’ म्हणत. तो उणे एकपासून अधिक एकपर्यंत जाई. सरळ संभाव्यता का वापरली नाही, याचे कारण मला आजही विचार करण्याजोगे वाटते. डॉक्टर म्हणत, या खुणेमुळे माझा विश्वास इतका वाढतो, हे खरे. पण म्हणून तीच खूण उरलेल्या भागाइतकी विरुद्ध साक्ष देते, हे मला मान्य नाही. म्हणून शॉर्टलिफ आणि ब्रूस ब्युकॅनन यांनी १९७५च्या निबंधात विश्वास आणि अविश्वास वेगवेगळे मोजले. न्यायालयात साक्ष ऐकलेल्या कोणालाही हे पटेल.

यंत्र कामातही कच्चे नव्हते. मेंदूज्वराच्या दहा रुग्णांवरील परीक्षणाचा निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाला. सल्ला कोणाचा, हे न सांगता आठ तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा मायसिनचा सल्ला ६५ टक्के वेळा ग्राह्य ठरला. त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापक-तज्ज्ञांपैकी सर्वांत वरचा ६२.५ टक्क्यांवर होता. रुग्णालयाच्या रोजच्या वापरात मात्र ते कधी आले नाही.

आता सूत्र पाहा. पहिल्या पुराव्याने ०.६ खात्री दिली, तर ०.४ शंका उरते. तेवढ्याच ताकदीचा दुसरा पुरावा त्या शंकेचा सहा-दशांश खातो, खात्री ०.८४ होते. तिसऱ्याने ०.९३६. माझ्या विहिरीचे गणित नेमके हेच होते, फक्त मी ते आकड्यांत मांडले नव्हते.

मॅक्स हेन्रियन यांनी याचे वर्मी लागणारे उदाहरण दिले. चेर्नोबिलमध्ये हजारो मेल्याचे रेडिओ सांगतो, दूरचित्रवाणी सांगते, वृत्तपत्र छापते. तिघांची बातमी एकाच दूरध्वनी-मुलाखतीवर उभी असेल तर? नियम जोडत जाणारे यंत्र तरीही चढतच राहते. कारण प्रत्येक नियम सुटा आहे. शेजारच्या नियमाकडे न पाहता नवा नियम घालता येतो. हा सुटेपणा या पद्धतीचा अभिमानाचा भाग होता, आणि दोषही तोच. डेव्हिड हेकरमन यांनी १९८६ साली या गुणकांमागचे संभाव्यतेचे गृहीतक उघड करून दाखवले: पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तरच हे सूत्र टिकते. १९८८ साली जुडिया पर्ल यांचे पुस्तक आले. त्यातल्या जाळ्यांत घटना म्हणजे बिंदू, आणि कोण कोणावर अवलंबून, ते दाखवणारे बाण. मुलाखतीचा एक बिंदू काढून त्यापासून तीन बाण सोडले की बातम्यांचा फुगा आपोआप बसतो. १९९२ साली खात्री-गुणकांकडून या जाळ्यांकडे का जावे, हे सांगणारा निबंध हेकरमन यांच्यासोबत खुद्द शॉर्टलिफ यांनीच लिहिला. स्वतःच्या गाजलेल्या पद्धतीबद्दल असे लिहिणारे आपल्याकडे किती, हा प्रश्न इथे बाजूला ठेवतो.

या इतिहासाकडे ‘संभाव्यतेने कामचलाऊ आकड्यांवर मात केली’ असे पाहिले जाते. मला ते अर्धेच वाटते. मायसिनच्या गटानेच आपले गुणक मुद्दाम ढोबळ करून पाहिले होते, तेव्हा सल्ल्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे खरी भर बारीक आकड्यांची नव्हे, बाणांची. कोणत्या साक्षीचे कूळ कोणते, हे लिहायला जागा मिळाली.

ही जागा पाठचिकित्सेला जुनी परिचित आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुखटणकरांनी हस्तलिखितांची नुसती डोकी मोजली नाहीत. काश्मीरची शारदा प्रत आणि दूर दक्षिणेतली मल्याळम प्रत एकच पाठ देत असतील, तर एकाच परंपरेतल्या ढीगभर प्रतींहून त्या जुळणीला वजन अधिक. कुळे लावण्यासाठी प्रतींतल्या सारख्या चुकाही उपयोगी पडतात. माझ्या विहिरीलाही चुकीच्या आडनावानेच उघडे पाडले.

पर्ल यांच्या जाळ्यालाही एक मर्यादा आहेच. बाण कोणीतरी काढावा लागतो. वृत्तपत्राने बातमी कुठून उचलली, हे जाळे स्वतः होऊन हुडकत नाही. आणि आजची भाषा-यंत्रे अफाट मजकूर वाचून उत्तर देतात, तेव्हा त्या मजकुरात एकच विधान शंभरदा उतरवलेले असू शकते. बाण मात्र वाचकाला कुठेच दिसत नाहीत. मायसिनला ‘का?’ आणि ‘कसे?’ असे टंकून विचारता येई, आणि ते वापरलेला नियम समोर ठेवी. तो नियम दोषी असेल, पण बोट ठेवता येत होते.

माझ्या वहीत आता जुन्या पुस्तकापासून दोन बाण काढलेले आहेत आणि ‘नक्की’ खोडलेले आहे. विहिरीच्या कमानीवर चुन्याने लिंपलेला एक शिलालेख आहे. पाणी उतरले की उन्हाळ्यात त्याचा ठसा घ्यायला जाणार आहे.