सरळ झिरीचं सौजन्य

दिल्लीतला मुरलेला मिस्त्री ड्रिल हातात घेण्याआधी खोलीभर नजर फिरवतो. बोर्ड कुठे आहे, पंखा कुठे टांगलाय, एसीचा पॉइंट कोणत्या भिंतीवर आहे, आणि त्या भिंतीपलीकडे बेडरूम आहे की बाथरूम? मग बोट ठेवून सांगतो, ‘इथे नको, वीतभर सरकवा.’ गिलाव्याआडची वायर त्याने पाहिलेली नसते, तरी अंदाज सहसा चुकत नाही. मला या अंदाजाचं फार अप्रूप आहे. एका कारागिराने कधीच न भेटलेल्या दुसऱ्या कारागिराची रीत त्यात ओळखलेली असते.

ती ओळखता येते, कारण चांगल्या वायरमनच्या कामाला शिस्त असते. छतातल्या कन्ड्युटमधून, म्हणजे वायरीच्या नळीतून, निघालेली वायर भिंतीत सरळ खाली, नेमकी बोर्डावर उतरते. म्हणून बोर्डाच्या वरचा आणि खालचा उभा पट्टा वर्ज्य. दोन बोर्ड एकाच उंचीवर असले, तर त्यांच्यामधला आडवा पट्टाही वर्ज्य. नळ, शॉवर आणि गिझर यांच्यामध्येही अशाच उभ्या-आडव्या वाटा असतात. दिल्लीच्या थंडीत गिझरवाचून भागत नाही आणि तीच थंडी इथे मदतीला येते. गरम पाणी थोडा वेळ सोडून टाइलवर तळहात फिरवला, तर फार खोल नसलेल्या नळीची वाट कोमट लागते.

या नजरेला भिंतीआडची वायर-नळी शोधणाऱ्या डिटेक्टरची जोड मिळते, पण त्याचाही स्वभाव माहीत हवा. वायरीत विजेचा दाब असेल तरच तो तिला जिवंत म्हणून ओळखतो. दिव्याचं बटण बंद असेल, तर बटणापासून दिव्यापर्यंतच्या वायरीत दाब नसतो आणि यंत्र गप्प राहतं. म्हणून जाणकार आधी खोलीतली सगळी बटणं चालू करतो, भिंत तपासतो, पेन्सिलीने खुणा करतो आणि मगच मेन बंद करतो. आधी चालू, मग बंद, या क्रमात मला कामाची खरी समज दिसते. दिल्लीत त्याला आणखी एक पायरी लागते. मेन पाडल्यावरही इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे चालूच राहतात आणि त्यांच्या वायरींत तितकाच जीवघेणा प्रवाह खेळतो, तेव्हा इन्व्हर्टरही बंद करायचा. सीपीव्हीसी या प्लॅस्टिकची पाण्याची नळी मात्र धातू शोधणाऱ्या साध्या यंत्राला सापडत नाही. तिथे पुन्हा नजर आणि तळहातच कामी येतात.

मग बिट भिंतीला टेकतं, सुरुवातीला हॅमरशिवाय, हलक्या हाताने. किती आत जायचं याची खूण म्हणून बिटावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आधी करडी भुकटी पडते, तो गिलावा. मग लाल, ती वीट. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे डीडीएच्या, जुन्या फ्लॅटमध्ये हा रंगबदल ठरलेला. नोएडा-गुरुग्रामच्या टॉवरमध्ये लाल सहसा येतच नाही. तिथे हलक्या ब्लॉकची फिकट, मऊ भुकटी येते, नाहीतर साच्यात भिंती ओतणाऱ्या मिवान पद्धतीच्या सलग काँक्रीटची राखाडी. मिवानमध्ये काँक्रीट ओतण्याआधीच कन्ड्युट सळयांना बांधलेला असतो, त्यामुळे बिट अडलं म्हणून जोर लावणं तिथे धोक्याचं. बिट एकाएकी सैल धावलं किंवा भुकटीत प्लॅस्टिकची साल दिसली, की मिस्त्रीचं बोट त्याच क्षणी बटणावरून सुटतं. मला विचाराल तर त्याच्या कसबाचा कळस तो हाच.

हे सारं वाचन फसतं ते तिरक्या वायरीपाशी. डीडीएची कित्येक घरं वर्षानुवर्षं वाढवली, फोडली, सांधली गेली. अशा घरात कुणीतरी मीटरभर वायर वाचवायला भिंतीतून तिरका रस्ता काढतो आणि पुढच्या प्रत्येक माणसाचा अंदाज निकामी करतो. याउलट घरोघरी गॅस पुरवणाऱ्या इंद्रप्रस्थ गॅसची नळी पाहा. दिल्लीच्या इमारतींवर ती बाहेरून, उघड्यावर चढते. गळालेला वायू कुठे कोंडू नये आणि नळी कुणाच्याही नजरेला पडावी, एवढा विचार त्या उघडेपणात आहे. भिंतीत गाडलेल्या वायरीला उघडं राहता येत नाही. तिने निदान सरळ जावं.

म्हणून घराचं काम चालू असेल, तर गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा. आणि वायरीसाठी भिंतीत एकही तिरकी झिरी मारू देऊ नका. आज ती वायरमनचे फार तर अर्ध्या तासाचे श्रम वाचवील, पण उद्या तिथे ड्रिल धरणाऱ्याच्या जिवाशी खेळेल.